बिनधुराची गोरसी

आमच्या घरात कोणीही खोकलं तरी गुन्हेगार मीच. शेजारचं मांजर शिंकलं तरी शांता आधी माझ्याकडे बघते. चाळीस वर्षं बिडी ओढली हे मी कबूल करतो. नाकारून जाणार कुठे, आमच्या साऱ्या गुढियारी मोहल्ल्याला ठाऊक आहे. सोडली त्यालाही आता आठ वर्षं झाली. पण आमच्या बायकोच्या दरबारात जन्मठेपेला सूट नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने कायदा केला होता: बिडी उंबऱ्याच्या बाहेर. थंडी असो, पाऊस असो, मी अंगणात. "बाहेर!" एवढा एकच शब्द ती बोलायची. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होतो, पण तिथल्या फोरमनचाही असा दरारा नव्हता. बरं, ही बाई स्वतः गोंदियाकडच्या खेड्यातली, लग्न होईपर्यंत बिड्या वळून घर चालवलेली. मी तिला चिडवायचो, "मी ओढल्या, तू वळल्या, सांग कोणाचं पाप जास्त?" ती म्हणायची, "वास माहीत आहे म्हणूनच सांगून राह्यली. बाहेर!"

एवढी धुराची वैरीण, पण तिचा स्वतःचा सगळा मान एका मातीच्या भांड्यात होता. त्याला इकडे गोरसी म्हणतात. पसरट, काठाची, आत गोवरीचे निखारे. आमचा यशदीप झाला तेव्हा शेजारच्या बिसाहिन दाईने शांताला शेक द्यायला शिकवलं. दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, बाळंतिणीच्या खाटेखाली गोरसी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची टरफलं टाकायची. मग आपले तळवे गोरसीवर धरायचे, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि मग बाळाच्या पोटावर, छातीवर, टाचांवर ठेवायचे. म्हातारी गेली आणि तिचं काम शांताकडे आलं. कोणाकडे बाळंतपण झालं की हिला बोलावणं यायचंच. सवा महिना रोज सकाळी जायचं, मोबदल्यात कांके पाण्याचा, म्हणजे बाळंतकाढ्याचा, एक पेला. अशी दीडशे पोरं तरी तिने शेकली असतील. राकेश नावाचा आमच्या वस्तीतला आडदांड ऑटोवाला अजूनही तिला बघितलं की ऑटो थांबवतो आणि म्हणतो, "पाय लागी दाई, मोर पेट ला तुमन सेंके हव." म्हणजे, माझं पोट तुम्हीच शेकलंत.

फक्त घरचं नातवंड राहून गेलं होतं. यशदीपची दोन्ही मुलं नागपूरला, सुनेच्या माहेरी झाली. रुचिताचं, आमच्या पोरीचं, लग्नच उशिरा झालं. तेहतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. ती तेलीबांध्याच्या फ्लॅटमधून आठव्या महिन्यात माहेरी आली आणि शांताच्या अंगात वारं शिरलं. नवी गोरसी आली. गोवऱ्या गच्चीवर उन्हात बसल्या. गोल बाजारात जाऊन तिने कांक्याच्या जडीबुटी, ओवा, डिंक असं सगळं आणलं.

"साऱ्या मोहल्ल्याचे पोट्टे शेकले," ती मला म्हणाली, "माह्या पोट्टीचं राह्यलं होतं. आता माहे हात सार्थकी लागतीन."

गोल बाजारात मी बरोबर होतो. तिथे तिची एक जुनी खोड आहे. चार दुकानं झाली की पाचव्या भांड्याच्या दुकानासमोर थांबायचं आणि घ्यायची नसलेली पातेली उलटीपालटी करून बघायची. मी पिशव्या धरून उभा. मला वाटायचं, बायकांची जातच चोखंदळ.

तर असं सगळं चाललेलं असताना रुचिताने माझ्याकडे मोर्चा वळवला. "पापा, बेबी आने वाला है. आपकी छाती की जाँच होनी चाहिए." आमची पोट्टी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, हे बाकी लहानपणापासूनचं. तिने फोनवर तेलीबांध्याच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

"मी बी येईन संग," शांता म्हणाली. "हे तिथं जाऊन खोटं सांगतीन. चार बिड्या ओढत होतो म्हणतीन."

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पहिल्या मजल्यावर शांता दातांच्या डॉक्टरचा बोर्ड वाचत उभी राहिली. चांगली दोन मिनिटं वाचला. चष्मा तिचा घरी होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर इरावती पुण्याकडच्या, दोन वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी मराठी. त्यांनी माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि ओरडायला लागल्या, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मी जीव खाऊन फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शांता बाजूच्या खुर्चीवर फिर्यादी पक्षासारखी बसून होती.

बाईंनी कागद बघितला. "वयाच्या मानाने बरं आहे काका. थोडी झीज आहे, पण बरं आहे."

मी शांताकडे असं बघितलं, असं बघितलं की काय सांगू! चाळीस वर्षांचा खटला एका फुंकरीत निकाली.

"पण याचं प्रशस्तिपत्र करून भिंतीला लावू नका," बाई म्हणाल्या. "या आजाराचे माझे निम्म्याहून जास्त पेशंट विडीवालेच आहेत. तुम्ही वाचलात ते नशीब, आणि वेळेवर सोडलीत म्हणून." मग त्यांची मान वळली. "काकू, तुम्ही आल्यापासून ओठांचा चंबू करून श्वास सोडताय. असं का?"

"वय झालं आता."

"चौसष्ट म्हणजे काही वय नाही. या, तुम्ही फुंका."

"मी कायले? मी काय बिडी ओढतो?"

तरी फुंकलं तिने. पहिल्या झटक्यालाच तिचं तोंड लाल झालं. पडद्यावर रेघ थोडी वर गेली आणि लगेच बसली. बाईंनी तिला पंपाने औषध ओढायला लावलं, वीस मिनिटं थांबवलं आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. रेघ तशीच बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आली होती माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला.

"सीओपीडी," बाई म्हणाल्या. "श्वासनळ्या आतून सुजून अरुंद झाल्यात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही, अडकून राहते. घरात धूर असतो का?"

"माह्या घरात धूर नाही," शांता ताठ झाली. "ह्यायले मी बाहेर काढत होती. विचारा."

"स्वयंपाक?"

"आता गॅस. त्याच्या पहिले सिगडी, दगडी कोयल्याची. पंधरा-सोळा साल. माहेरी चूल."

बाई लिहीत होत्या. लहानपणी छातीचं दुखणं? दोनदा निमोनिया झाला होता, एकदा वाचायची आशाच नव्हती. धुळीचं काम? बिड्या वळत होती. घरभर तंबाखूची भुकटी, सगळ्या बहिणी शिंकत बसायच्या. आता राहता तिथे हवा कशी? गच्चीवर रोज काळी धूळ बसते, पापड वाळत घातले तर संध्याकाळी खाववत नाहीत.

"एकेकटं कारण पुरत नाही कधी कधी," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं साचत जातं. पण काकू, अजून कुठला धूर? आठवून सांगा."

माझी जीभ कुठे गप्प बसते? मी म्हटलं, "गोरसी." आणि सगळं सांगून टाकलं. बंद खोली, ओवा, लसणाची टरफलं, सवा महिना, दीडशे पोरं.

शांताने माझ्याकडे जळजळीत बघितलं. मग ती बाईंना म्हणाली, "तो धूर नाही. तो शेक आहे."

ती खोटं बोलत नव्हती हो. धूर म्हणजे माझी बिडी. गोरसीतून निघतो तो शेक. वर्षानुवर्षं आमच्या घरात असंच चाललं होतं आणि कोणाच्याही डोक्यात आलं नाही की मी ओढायचो उघड्या अंगणात आणि ती मला हाकलून बंद खोलीत जाऊन बसायची.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, छातीला ते वेगळं कळत नाही. गोवरीचा धूर विडीइतकाच वाईट. ज्यांनी जन्मात विडी ओढली नाही अशा कितीतरी बायका माझ्याकडे येतात. आता हे पूर्ण बंद. पंप रोज, दोन वेळा. थोडं चालणं, लस. आजार मुळापासून जाणार नाही, पण आवरता येईल, नीट जगता येईल." आणि माझ्याकडे वळून, "काका, हसू नका. तुमची विडीही यात आहे. अंगणातून दारात, कपड्यांतून घरात येतच होती."

मी हसत होतो हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. मग नाही हसलो.

खाली उतरल्यावर आम्ही तेलीबांध्याच्या तलावाच्या काठावर बाकावर बसलो. शांता ओठांचा चंबू करून श्वास सोडत होती. मला अचानक गोल बाजारातली ती पातेली आठवली. तिथे शांता पातेली बघत नव्हतीच. ती श्वास गोळा करत होती. आणि मी शहाणा पिशव्या धरून कपाळाला आठ्या घालत होतो. त्या वेळी मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

"पोट्टीले सांगतलं तर पाहा," ती म्हणाली.

"काहून?"

"मंग ती मले शेकू देईन का? सवा महिना थांबा. लेकराचा शेक होऊ द्या, मंग तुमचा तो पंपगिंप सगळा घेईन. सवा महिन्यानं काही मरत नाही मी."

"डॉक्टरीण काय बोलली ते ऐकलं का तू?"

"ऐकलं. दीडशे लोकांचे शेकले. माह्या एका लेकरासाठी तुमी तोंड बंद ठेवा. येवढंच मागून राह्यली."

त्रेचाळीस वर्षांत तिने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. मी हो म्हणालो. हो म्हणायला नको होतं, पण म्हणालो. पंप तिने डाळीच्या डब्यात लपवला आणि तो तिथेच राहिला. रुचिताला सांगितलं, पापा पास झाले. तेवढं तर खरंच होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुचिताला मुलगी झाली. जावई गौतम पेढे वाटत सुटला. चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. जयभीम करून शेजारपाजारचे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शांताने मागच्या खोलीच्या दारं-खिडक्या लावल्या, फटींत जुनं लुगडं कोंबलं आणि मला नेहमीचा हुकूम केला, "बाहेर!"

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काम नाही, हे मलाही कळतं. मी अंगणात उभा राहिलो. ओव्याचा वास आला. मग शांताचा खोकला आला. खोकला, पुन्हा खोकला. तो मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो आणि त्याकडे काणाडोळा करत आलो होतो. मग खोकला थांबला आणि काहीच ऐकू येईना.

मी दार ढकललं. आत धुराने काही दिसत नव्हतं. रुचिता डोळे चोळत होती. शांता पाटावर, एक हात मांडीवरच्या बाळावर, दुसरा भिंतीला टेकलेला, ओठ निळसर, तोंड उघडं आणि शब्द नाही. बाळ शिंकलं. मी पहिली खिडकी उघडली. मग पोत्याने धरून गोरसी उचलली आणि अंगणात नेऊन तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. नवी कोरी गोरसी होती, तडकली.

डब्यातून पंप काढून तो शांताला ओढायला लावला, तिचा श्वास जागेवर आला, आणि मग मी रुचितासमोर सगळं बोललो. रागाने बोललो, ओरडलो. "तू मेली तर हे लेकरू काय माह्याच्यानं वाढणार आहे?" असंही बोललो. रुचिता रडायला लागली. "मम्मी, आपने बताया क्यों नहीं? अब कोई सेंक-वेंक नहीं होगा. बिल्कुल नहीं."

शांता भिंतीकडे तोंड करून पडली. पंप मात्र दोन वेळा घेऊ लागली, पोरगी उशाशी बसून घ्यायला लावायची. जेवण अर्धी भाकर. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच तिच्याजवळ जाऊन बसलो. ती भिंतीलाच म्हणाली, "त्या पोट्ट्यांइले बी गेला असन ना तो धूर? येवढ्या येवढ्या जिवाइले."

हे होतं तर. तिला स्वतःच्या छातीचं दुःख नव्हतंच.

मी तिच्यासमोरच डॉक्टर इरावतींना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकला. बाईंनी खोटं सांगितलं नाही. धूर बाळांनाही वाईट, मोठ्यांपेक्षा जास्तच, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "पण काकू, तुम्ही धूर द्यायला जात नव्हता, ऊब द्यायला जात होता. ती दिलीत. हाताची ऊब, मालिश, याने बाळांचं भलंच होतं. आता जे कळलंय ते पुढच्या आयांना सांगा. तुमचं ऐकतील, माझं नाही ऐकणार."

शांताने डोळे पुसले. मी विचार करत बसलो. ऊब हाताची. बिसाहिन दाईच्या काळी बंद दाराच्या फटीतून चोरून बघितलेलं मला आठवत होतं: निखारा बाळाला कधी लागतच नाही. निखाऱ्याने शांताचा हात तापतो आणि हाताने बाळ. मग हाताला काय, तो कशानेही तापो!

आमच्या पुढच्या दाराला अडण म्हणून एक लोखंडी ठोकळा पडलेला असतो. वॅगनच्या चाकाला घासून घासून झिजलेला ओतीव लोखंडाचा ब्रेक ब्लॉक. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी गंमत म्हणून मला भेट दिला होता. अडतीस वर्षं असले ठोकळे बसवले आणि काढले. एकदा तापला की लवकर थंड होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? मी तो विटकरीच्या तुकड्याने घासला, तीन पाण्यांनी धुतला, मागच्या अंगणात छोट्या गॅसवर ठेवला. अर्ध्या तासाने त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो नाचत उडाला. तडकलेल्या गोरसीला तार गुंडाळली, तिच्यात कोरडी राख पसरली आणि सांडशीने ठोकळा राखेत बसवला.

दारापर्यंत नेला आणि थांबलो. सवयच ती. शांता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, खिडकी उघडी, ऊन आत आलेलं. तिने गोरसीकडे बघितलं. मग त्या ठोकळ्याकडे.

"हे काय आणलं? दाराची अडण?"

"हात धरून पाह्य."

"ओवा टाकला तर धूर होईन."

"ओवा पाण्यात उकयून पोट्टीले प्यायले दे. हात धर म्हणतो ना."

ती नाक मुरडत होती, तरी तिने तळवे पुढे केले. बोटं थोडी आखडली. उलटे केले, सुलटे केले, एकमेकांवर चोळले. तळवा गालाला लावला. मग तो हात बाळाच्या पोटावर ठेवला, हळूच, सगळा पंजा. बाळाने पाय ताणले, तोंड वाकडंतिकडं केलं, आणि शांताच्या लुगड्यावर मुतून मोकळं झालं.

"माय वं!" शांता हसली. खोकला न येता हसली. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले होते! रुचिताही हसायला लागली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं कारणही सांगता येईना.

ठोकळा तासभर पुरला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी फिरली की मारोती भैयाने, म्हणजे मी, लोखंडाची गोरसी केली. आठ दिवसांत राकेशची आई आली. तिची सून बाळंत झाली होती. तिने विचारलं, गोवऱ्या किती आणून ठेवू?

"एक बी नाही," शांता म्हणाली. "खिडकी खुली ठेवजो. आमचे हे लोखंड घेऊन येतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. राकेशच्या ऑटोत गोरसी, ठोकळा, छोटा गॅस. उतरल्यावर ती चार पावलं चालून भिंतीवरचं नळ दुरुस्तीचं जुनं पोस्टर वाचायला थांबली. मीही थांबलो आणि ते पोस्टर वाचलं, अगदी खालचा फोन नंबरसुद्धा. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिला जेवढा वेळ लागला तेवढा तिने घेतला, चोरून नाही.

ठोकळा तापवून मी तो गोरसीत घालून बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी नेला, आणि नेहमीसारखा उंबऱ्यावर थबकलो. आत सून अंगावर पांघरूण ओढून बसली होती, शांता पाटावर.

"काहून उभे राह्यले तिथं?" शांता म्हणाली. "थंड होईन ना ते. या ना आत."